विद्यार्थ्याची वही, वैद्यांची सभा आणि महाजाल

आयुर्वेदाचा पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी साडेचार वर्षे संहिता, निघंटू आणि रुग्णालय यांच्या सहवासात काढतो व त्यानंतर एक वर्ष आंतरवासितेचे घालवितो. या साऱ्या अवधीत तो अक्षरशः हजारो पाने लिहितो. द्रव्यगुणाच्या वह्या, वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह, रसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची टिपणे, आतुरालयातील रुग्णपत्रके अशी ती संपदा असते. परीक्षा आटोपली की यांतील बहुतेक सर्व माळ्यावर जाते किंवा रद्दीच्या तराजूत पडते. गुरुजनांनी तांबड्या शाईने केलेली एखादी मोलाची दुरुस्ती त्या एकाच वहीत, एकाच विद्यार्थ्यापुरती राहते. पुढील वर्षीचा विद्यार्थी तीच चूक नव्याने करतो आणि तेच शिक्षक तीच दुरुस्ती नव्याने लिहितात. विद्येच्या क्षेत्रात यापेक्षा मोठा अपव्यय क्वचितच आढळेल.

वहीची जागा आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलने घेतली आहे. विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप समूह असतात, त्यांत टिपणांची छायाचित्रे, औषधी योग, 'रामबाण' म्हणून सांगितलेले उपाय यांचा अखंड प्रवाह वाहत असतो. टिपण मूळचे कोणाचे, ते कोणत्या ग्रंथाधारे लिहिले, कोणी तपासले, याचा पत्ता लागत नाही. चार दिवसांनी तेच टिपण शोधू गेल्यास सापडत नाही. अलीकडे यात संगणकीय बुद्धिमत्तेने क्षणार्धात रचून दिलेल्या उत्तरांची भर पडली आहे. भाषा सफाईदार, आत्मविश्वास दांडगा. श्लोकाचा स्थान-अध्याय मात्र पडताळून पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये अशी ती उत्तरे असतात.

मोबाइल बंद करा, असे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, विद्यार्थ्यांचे लेखन जेथे टिकेल, जेथे त्यावर लेखकाचे व तपासनिसाचे नाव राहील आणि जेथे ज्येष्ठ वैद्य व औषधनिर्माते स्वतः बसून दुरुस्ती करतील, अशा जागा महाजालावर आपण निर्माण केल्या पाहिजेत. हे काम केवळ महाविद्यालयांचे नाही. ते आपल्यासारख्या व्यावसायिकांच्या संघटनेचेही आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात तर ते विशेषत्वाने आहे. त्याची कारणे क्रमाने मांडतो.

तीन साधने, तीन कामे

प्रथम शब्दांचा उलगडा करणे इष्ट, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांना ही नावे ऐकून ठाऊक असली तरी त्यांतील भेद ठाऊक असेलच असे नाही.

पहिले साधन अनुदिनी, म्हणजेच ब्लॉग. एकाच लेखकाने दिनांकानुसार लिहीत गेलेली ही वही होय. आंतरवासी विद्यार्थ्याने आज काय पाहिले, कोणती शंका आली, कोणता ग्रंथ उघडला, हे त्याने येथे लिहावे. या वहीचा खरा उपयोग विद्यार्थ्याला स्वतःच्या विचाराचा माग ठेवण्यासाठी असतो. सहा महिन्यांपूर्वी आपण ज्याला सरसकट वातव्याधी म्हणत होतो, त्यात आज आपल्याला आवरणाचा विचार सुचतो, हे त्याला स्वतःच्याच लेखणीत दिसते.

दुसरे साधन विकी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली ही पद्धत प्रथम प्रचारात आणली. 'विकी' या हवाईयन शब्दाचा अर्थ 'त्वरित' असा आहे. येथे पान कोणा एकाचे नसते. अनेकजण एकाच पानावर लिहितात, दुरुस्ती करतात. परंतु पूर्वीचा मजकूर नष्ट होत नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याचा संपूर्ण इतिहास पानामागे राहतो. याच पद्धतीवर मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला.

तिसरे साधन बंद कक्ष. ठरावीक सभासदांनाच ज्यात प्रवेश आहे, ज्याचे दार बाहेरच्यांना बंद आहे, अशी ही चर्चेची जागा. रुग्णाविषयीची चर्चा जर करावयाचीच असेल तर ती येथेच व्हावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

या तिन्हींची सरमिसळ केली की घोटाळा होतो. विद्यार्थ्याचा कच्चा विचार सर्वांसमोर गेला तर समाजात गैरसमज पसरतो. पक्के, तपासलेले ज्ञान बंद कक्षात अडकले तर ते कुजते. आजचे मोबाइल समूह नेमकी हीच सरमिसळ करतात. त्यांत कच्चे आणि पक्के एकाच पंक्तीला बसते.

परंपरेतील आधार

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या शास्त्राला त्याची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाचे स्मरण देऊ इच्छितो. ज्ञानवृद्धीचे उपाय सांगताना तेथे अध्ययन आणि अध्यापन यांच्या जोडीला तद्विद्यसंभाषा मांडली आहे. एकाच विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी केलेली चर्चा अध्ययनाइतकीच आवश्यक मानली आहे. या संभाषेचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगून, पहिली कोणाशी करावी, तीत बोलताना कोणती वृत्ती ठेवावी, न समजलेले निःशंकपणे कसे विचारावे, हेही तेथे विस्ताराने आले आहे. ज्याला आज चर्चा-कक्षाचे नियम म्हणतात, ते आपल्याकडे पूर्वीच लिहिलेले आहेत. उणीव आहे ती सभेची. एक वैद्य देवरीस, एक तिरोड्यास, एक अर्जुनी मोरगावास. वर्षातून एखाद्या परिषदेत भेट, तीही हारतुऱ्यांच्या गर्दीत. मग संभाषा व्हायची कधी?

सहलेखनाचाही आधार आपल्या घरातच आहे. चरकसंहिता हा एका हातचा ग्रंथ नव्हे. अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला आणि पुढे दृढबलाने चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान यांची पूर्ती केली. एकूण १२० अध्यायांपैकी ४१ अध्याय, म्हणजे ग्रंथाचा तृतीयांशाहून अधिक भाग, दृढबलाने पूर्ण केलेला आहे. विशेष हे की, आपण काय केले हे त्याने ग्रंथातच नमूद केले. असे असूनही चिकित्सास्थानातील ते सतरा अध्याय नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिलेच, कारण अध्यायांचा क्रम निरनिराळ्या आवृत्तींत निराळा आढळतो. कोणत्या हाताने केव्हा काय लिहिले, याची नोंद पानामागे राहणे किती मोलाचे आहे, हे समजून घ्यावयास याहून उत्तम उदाहरण नाही.

याच संहितेच्या बाबतीत आधुनिक प्रयोगही झालेला आहे. २०२० साली चरकसंहितेची इंग्रजी भाषेतील एक नवी आवृत्ती महाजालावर उपलब्ध झाली. तिची रचना विकीची आहे. प्रत्येक अध्यायासाठी स्वतंत्र लेखक-संपादक, मूळ पाठ, भाषांतर आणि पुढे आजच्या काळातील उपयोगाचे विवेचन, अशी तिची मांडणी असून, लेखन कोणी केले व संपादन कोणी केले याचा उल्लेख पानावर असतो. म्हणजे विकी म्हणजे कोणीही काहीही लिहावे असा बाजार, ही समजूत खरी नाही. दार किती उघडायचे, हे चालविणाऱ्याच्या हाती असते.

मराठीत मात्र असे काही विद्यार्थ्यांसाठी उभे राहिले पाहिजे. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' सारख्या ग्रंथातून मराठी वाचकाला आयुर्वेद दिला आणि १९०७ साली नाशिक येथे वैद्यसंमेलनाचा पाया घातला. १९६८ साली वेणीमाधवशास्त्री जोशी व नारायण हरी जोशी यांचा आयुर्वेदीय शब्दकोश महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ही परंपरा पुढे न्यावयाची तर साधन आजचे हवे.

नावांचा गुंता आणि आपला जिल्हा

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुके, पूर्वेस छत्तीसगड, उत्तरेस मध्य प्रदेश, भाताची खाचरे, तलाव आणि नवेगाव-नागझिऱ्याचे वन. हिरडा, बेहडा, आवळा, बिबा, चार, मोह, पळस, ऐन ही आपल्या रानातील नित्याची झाडे. आणि भाषा? मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी. एकाच वनस्पतीला चार कोसांवर नाव बदलते. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून संस्कृत नाव आणि लॅटिन नाव शिकून येतो. रानातून माल आणणारी बाई तिसरेच नाव सांगते. व्यापाऱ्याच्या पोत्यावर चौथे नाव लिहिलेले असते.

यातून काय घडते, हे औषधनिर्मात्यांना सांगावयास नको. 'सादडा' हे नाव घ्या. ऐनालाही सादडा म्हणतात आणि अर्जुनालाही अर्जुनसादडा म्हणतात. हृद्रोगासाठी मागविलेल्या सालीच्या पोत्यात कोणती साल आली, हे नावावरून ठरत नाही. 'चिरायता' म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा हिमालयातील किराततिक्त नसून काळमेघ असतो. 'ब्राह्मी' म्हणून कोणी जाड, रसदार, लहान पानांची जलब्राह्मी देतो, तर कोणी वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली विष्णुक्रांता येते, दक्षिणेत गोकर्णही येते. हे प्रत्येक वेळी भेसळीच्या हेतूने होते असे नाही. बहुधा नावांच्या गुंत्यातूनच होते. रुग्णाच्या दृष्टीने परिणाम मात्र तोच.

रानात वावरणारे गुराखी, धनगर, वनवासी हे औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे चरकानेच सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात मान्य केले आहे, आणि केवळ नावरूप ओळखल्याने त्यांचा योग कळत नाही, हेही तेथेच बजावले आहे. याचा अर्थ असा की, नावरूपाचा जाणकार आणि योगाचा जाणकार यांची गाठ पडली पाहिजे. ही गाठ घालण्याचे काम विद्यार्थी करू शकतो.

कल्पना करा: जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या विकीवर 'बिबा' या नावाचे एक पान आहे. त्यावर संस्कृत पर्याय, लॅटिन नाव, आठही तालुक्यांतील स्थानिक नावे, झाडाची, पानाची, फुलाची, फळाची निरनिराळ्या ऋतूंतील छायाचित्रे, फळ कोणत्या महिन्यात पिकते याची नोंद आहे. पाण्यात टाकल्यावर बुडणारी पक्व फळेच घ्यावीत, हे ग्रंथोक्त लक्षण एकाने लिहिले आहे. देठ काढून विटेच्या चुऱ्यात घोळून शोधन कसे करतात, हे रसशाळेत काम केलेल्या दुसऱ्याने लिहिले आहे. तेल अंगाला लागल्यास फोड येतात, म्हणून हाताला खोबरेल लावून व हातमोजे घालूनच काम करावे, ही सूचना औषधनिर्मात्याने स्वतः जोडली आहे. खाली लिहिले आहे की पान अमुक वैद्यांनी अमुक दिनांकास तपासले. असे एक पान पूर्ण करण्यात विद्यार्थ्याने द्रव्यगुण, रसशास्त्र आणि भैषज्यकल्पना या तिन्ही विषयांचा जो अभ्यास केला असेल, तो शंभर प्रश्नोत्तरे पाठ करून होणार नाही. अशी पन्नास पाने झाली की पुढील वर्षीचा विद्यार्थी एक्कावन्नाव्यापासून आरंभ करील.

हे स्वप्नरंजन नाही, याला आपल्याच भूमीतील पुरावा आहे. कै. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तेथील माणसांच्या तोंडून त्यांनी पक्षी, झाडे, पाणी, वारा यांचे शब्द वेचले, टिपले आणि मराठीला दिले. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. जे त्यांनी लिहून ठेवले ते राहिले. ते विद्यापीठाच्या पदवीसाठी वनात गेले नव्हते. त्यांच्या हाती वही होती आणि ऐकण्याची तयारी होती. आपल्या विद्यार्थ्यांना या दोन गोष्टी देता आल्या तर पुष्कळ झाले.

रुग्णाची गोष्ट दाराआड

वनस्पतीचे पान सर्वांस खुले असावे. रुग्णाचे पान तसे असू नये. विद्यार्थी उत्साहाच्या भरात रुग्णाच्या त्वचाविकाराचे छायाचित्र, नाडीचे वर्णन, गावाचे नाव, असे सर्व काही समूहात टाकतो. शंभर घरांच्या गावात 'चाळीस वर्षांची, अमुक रोग असलेली स्त्री' एवढे म्हटले तरी ती कोण हे सर्वांना कळते. नाव झाकले म्हणजे ओळख झाकली जाते, हा भ्रम आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, परंतु कायद्याच्याही आधी वैद्याचे शील येते. घरात शिरलेल्या वैद्याने तेथील गोष्ट बाहेर सांगू नये, हा उपदेश शिष्योपनयनाच्या वेळीच आपल्या शास्त्राने केला आहे.

म्हणून रुग्णचर्चेसाठी बंद कक्षच हवा. त्यात प्रवेश मोजक्यांना, नावानिशी. रुग्णाची संमती घेतलेली. गाव, चेहरा, व्यवसाय यांसारखी ओळखीची चिन्हे वगळलेली. आणि किमान एक अनुभवी वैद्य प्रत्येक चर्चेस उत्तरदायी.

अशा कक्षाने काय साधते? समजा, सालेकशाकडील एखाद्या केंद्रात आंतरवासी विद्यार्थिनीने सोळा वर्षांच्या मुलाचे पत्रक लिहिले: सांध्यांत तीव्र वेदना, मधून मधून ताप, अरुची, अंग जड. तिचे निदान आमवात. योजना सिंहनाद गुग्गुळाची. पाठ्यपुस्तकानुसार यात दोष काढणे कठीण. कक्षातील एका ज्येष्ठाने तीन प्रश्न विचारले. डोळे पिवळसर आहेत काय? घरात दुसऱ्या कोणाला असाच त्रास होतो काय? सिकलसेलची तपासणी झाली आहे काय? पूर्व विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे की, सिकलसेलचा विकार आपल्या भागात आहे, त्याच्या वेदनेच्या झटक्यात हाडे-सांधे असह्य दुखतात, पांडुता व कामला दिसतात, आणि अशा रुग्णास वेळीच रुग्णालयात पाठविणे प्राणरक्षक ठरते. या विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. नागपूरच्या वा पुण्याच्या पाठ्यपुस्तकातील आमवाताच्या प्रकरणात हा प्रश्न भेटेलच असे नाही. गोंदियाच्या वैद्याला तो भेटणारच. तीन प्रश्नांची ही चर्चा त्या कक्षात राहिली, तर पुढील दहा वर्षे येणारे विद्यार्थी ती वाचतील आणि तेच प्रश्न आपल्या रुग्णाला विचारतील. आमच्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार एवढ्यात आले.

काय उघडे, काय बंद

येथे औषधनिर्मात्या बंधूंची एक रास्त शंका उभी राहते. सर्व काही महाजालावर लिहिले तर आपले ज्ञान परक्यांच्या हाती जाणार नाही काय?

हळदीचे प्रकरण आठवावे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ साली मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ते रद्द झाले कशाच्या बळावर? घरोघरची आजी हळद लावते या साक्षीवर नव्हे, तर लिखित, दिनांकित पुराव्यांच्या बळावर. त्या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्या ग्रंथालयाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात संहितांतील योग आंतरराष्ट्रीय भाषांत मांडले गेले. परंतु ते सर्वांना मोकळे न ठेवता, गोपनीयतेच्या करारान्वये एकस्व-कार्यालयांना तपासणीसाठी दिले गेले. २०२२ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हा प्रवेश टप्प्याटप्प्याने इतर उपयोगकर्त्यांनाही देण्यास मान्यता दिली. म्हणजे लिहून ठेवणे आणि सर्वांस दाखविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. न लिहिलेले ज्ञान सुरक्षित असते हा समज हळदीने खोटा ठरविला.

यावरून आम्ही एक साधी मर्यादा सुचवितो. संहितांत, निघंटूंत, प्रसिद्ध ग्रंथांत जे आहे, ते विद्यार्थ्यांनी खुल्या विकीवर लिहावे. गावातील जाणत्या माणसाने, पुजाऱ्याने, सुईणीने सांगितलेला उपाय हा त्या गावाचा ठेवा आहे. तो त्याच्या संमतीवाचून लिहू नये, आणि लिहिल्यास बंद कक्षात, सांगणाऱ्याच्या नावानिशी ठेवावा. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि लोकांची जैवविविधता नोंदवही करणे हे त्यांचे काम आहे. विद्यार्थ्याने अशा समितीला विचारून, तिच्या नोंदवहीला पूरक असे काम केले, तर दोघांचेही कल्याण होईल. संहिताबद्ध ज्ञानाच्या व नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीने काही सवलती दिल्या आहेत. परंतु सवलत मिळाली म्हणून सौजन्य सुटू नये. राहता राहिला घराण्याचा अनुभूत योग. तो कोणी सांगावाच असा आग्रह आम्ही धरत नाही. मात्र कच्च्या मालाची ओळख, शोधनाची रीत, साठवणुकीत कीड लागू न देण्याची युक्ती यांत कोणाचेही व्यापारी रहस्य बुडत नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, वैद्यक गुरुमुखातून आणि गुरूच्या हाताखाली शिकावयाचे असते. हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. नाडी बोटाला कळते. अवलेहाचा पाक तंतू ओढून पाहिल्यावर कळतो. पडद्यावर यांतले काही कळत नाही. म्हणूनच आम्ही या साधनांना शिक्षणाची जागा देत नाही, वहीची आणि सभेची जागा देतो. दिवसभर गुरूजवळ जे पाहिले ते सायंकाळी लिहावे, एवढाच त्यांचा अधिकार.

दुसरा आक्षेप नकलेचा. विद्यार्थी इकडून तिकडून उचलून चिकटवतील, आता तर यंत्राकडून लिहवूनही घेतील. करतीलच. परंतु जुन्या वह्यांतही वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. विकीत निदान कोणत्या दिवशी किती मजकूर आला हे दिसते. एका रात्रीत अवतरलेले चार पानांचे टिपण लपत नाही. शिवाय प्रश्नच असा द्यावा की त्याचे उत्तर कोठे तयार मिळू नये. 'अर्जुनाचे गुणकर्म लिहा' याऐवजी 'तुझ्या तालुक्याच्या बाजारात अर्जुन म्हणून विकल्या जाणाऱ्या तीन साली आण, त्यांतील फरक लिही, छायाचित्रे जोड' असे म्हटले की नक्कल संपली.

तिसरा आक्षेप संपर्काचा. दरेकसा, ककोडीकडील भागात संपर्क आजही बेभरवशाचा असतो, हे खरे. तेथे विद्यार्थ्याने कागदावर लिहावे आणि तालुक्याच्या गावी आल्यावर ते चढवावे. दिनांक महत्त्वाचा, क्षण नव्हे. दूरच्या केंद्रावर नेमलेला विद्यार्थी याच कारणाने मागे पडू नये, म्हणून तपासणीसाठी मुदत सैल ठेवावी.

चौथा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, परंतु तोच सर्वांत प्रबळ आहे: वेळ कोणाला आहे? दिवसभर रुग्ण तपासून थकलेल्या वैद्याने रात्री विद्यार्थ्यांची टिपणे का वाचावीत? यावर आमच्याजवळ युक्तिवाद नाही, केवळ स्मरण आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला कोणीतरी असाच वेळ दिला होता. आणि ज्येष्ठांची लेखणी नसेल तर ही सर्व साधने निरुपयोगीच नव्हे, अपायकारक ठरतील. कारण न तपासलेली चूक वहीत एकाचे नुकसान करते, महाजालावर शंभरांचे.

एक लहानसा प्रारंभ

मोठ्या योजनांची घोषणा करून त्या विसरण्याची आपली रीत आहे, म्हणून सूचना लहान ठेवतो. जिल्ह्यात आंतरवासिता करणाऱ्या आठ-दहा इच्छुक विद्यार्थ्यांपासून आरंभ करावा. प्रत्येकाने आठवड्यास एक नोंद आपल्या अनुदिनीत लिहावी. पहिल्या वर्षी विकीवर बाराच पाने घ्यावीत: हिरडा, बेहडा, आवळा, बिबा, अर्जुन, ऐन, काळमेघ, पळस, मोह, चारोळी, जलब्राह्मी व मंडूकपर्णी. रुग्णचर्चा महिन्यास दोनच, बंद कक्षात, संमतीने. चार वैद्य आणि दोन औषधनिर्मात्यांनी तपासणीचे उत्तरदायित्व घ्यावे. आठवड्यातून एक तास पुरेल. 'तपासले' असा शेरा व नाव पडल्यावाचून कोणतेही पान खुले होऊ नये. लेखनाची भाषा मराठी असावी. स्थानिक नाव ज्या भाषेतले असेल त्या भाषेत, ऐकले तसे, देवनागरीत लिहावे. सर्व पानांची एक प्रत दर तिमाहीस वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावी आणि निवडक तपासलेली पाने छापून काढावीत, म्हणजे महाजालावरची जागा उद्या बंद पडली तरी विद्या बंद पडणार नाही.

वर्षाअखेर हिशेब मागावा. पाने किती झाली हा त्या हिशेबाचा विषय असू नये. किती पानांवर ज्येष्ठांची दुरुस्ती आहे, किती पोत्यांतील माल त्यामुळे परत गेला, किती रुग्णांना योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविले गेले, हे विचारावे. ही संख्या दोन-चार भरली तरी पुढील वर्ष चालविण्यास ती पुरेशी आहे. ज्या वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना आठवड्याचा तो एक तास देणे शक्य आहे, त्यांनी संघटनेच्या येत्या बैठकीत आपले नाव द्यावे. विद्यार्थी लिहावयास सिद्ध आहेत. वाचणारा हवा आहे.